चाळीस विद्यार्थी, रविवारचं अन्नवाटप आणि परीक्षेचा आठवडा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझी समजूत चुकली असेल तर लगेच लक्षात येईल. तुम्ही दुसऱ्या वर्षाचे ४० विद्यार्थी आहात. कॉलेजच्या आसपास अशी बरीच कुटुंबं आहेत ज्यांचे महिनाअखेरीस जेवणाचे वांधे होतात. दर रविवारी कँटीन आणि समारंभांमधलं उरलेलं अन्न गोळा करून त्यांना वाटायचं, असं तुम्ही ठरवलंय. किती अन्न लागेल, सुरुवात कुठून करायची आणि स्वयंसेवकांना तासांचं प्रमाणपत्र द्यायचं का, हे तीन प्रश्न तुम्ही विचारलेत.

मी १७ वर्षं एक सामुदायिक स्वयंपाकघर आणि त्याला जोडलेली धान्याची कोठी सांभाळते. विद्यार्थी आले नसते तर ही दोन्ही केव्हाच बंद पडली असती. आणि मधे दोनदा ती बंद पडायची वेळ आली, तीही विद्यार्थ्यांमुळेच. म्हणून तुमच्या तीन प्रश्नांआधी माझा एक प्रश्न: परीक्षा चार दिवसांवर आलेली असताना रविवारी सकाळी दार कोण उघडणार?

खवचटपणे विचारत नाहीये. तुम्ही लिहिलंय त्यात अन्न कुठून आणायचं याचा विचार भरपूर आहे आणि माणसं कुठून आणायची याचा अजिबात नाही, कारण माणसं तर आहेतच, ४०. आमच्याकडे एका वर्षी असंच होतं. सत्राच्या पहिल्या रविवारी ३१ जण आले. सुऱ्या आणि पाट पुरेनात, निम्मी मुलं भिंतीला टेकून गप्पा मारत उभी होती आणि मी त्यांना काम काढून देता देता घामाघूम. पुढे आकडा हळूहळू घसरत गेला, आणि परीक्षेच्या आदल्या रविवारी दोघंच आले. त्यातल्या एकाने ग्रुपवरचा 'या वेळी सुट्टी' हा निरोपच वाचला नव्हता, म्हणून आला होता! तो निरोप मुलांनी आपसात टाकला होता. रांगेत उभं राहणाऱ्यांना तो कोणी सांगितलाच नाही. एक बाई दोन मुलांना घेऊन, रिकामा डबा पिशवीत घालून, बंद दारासमोर पाऊण तास थांबल्या. मी पोचले तेव्हा त्या निघाल्याच होत्या. तक्रार केली नाही, काही बोलल्याही नाहीत. पुढच्या रविवारी मात्र आल्या नाहीत, त्याच्या पुढच्याही नाही. नंतर कळलं की त्या दिवशी त्यांनी अर्ध्या दिवसाचं काम सोडलं होतं.

आम्ही काहीच सुरू केलं नसतं तर त्यांचा तो अर्धा दिवस बुडाला नसता. त्यांनी काम सोडलं ते आमच्या भरवशावर. एका जेवणाच्या आशेवर माणूस आपला दिवस आखतो, पैसे दुसरीकडे वळवतो, शेजारणीकडे मागायचं टाळतो. ते जेवण ऐनवेळी आलं नाही तर त्याची परिस्थिती आधीपेक्षा बिकट होते.

इथे थोडं व्याख्येत शिरते, कारण तिचा उपयोग आहे. १९९६ साली रोमला जागतिक अन्न परिषद भरली होती. तिथे अन्नसुरक्षेची जी व्याख्या ठरली, तिचा मतलब असा: सगळ्या माणसांना, सदासर्वकाळ, पुरेसं, सुरक्षित आणि पोषक अन्न मिळवता येणं, म्हणजे ते आसपास असणंही आणि विकत घ्यायची ऐपत असणंही. या व्याख्येचे चार खांब मानतात: अन्न उपलब्ध असणं, ते हाती येणं, शरीराला त्याचा नीट उपयोग होणं आणि या तिन्हींत सातत्य असणं. अन्नवाटप म्हटलं की सगळ्यांचं लक्ष पहिल्या खांबाकडे जातं. विद्यार्थी-उपक्रम कोसळतात ते चौथ्यापाशी.

आणि पहिला खांब बहुतेक ठिकाणी फारसा खचलेलाही नसतो. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाचा अभ्यास करून अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये हेच मांडलं. लाखो माणसं मेली, पण अन्नधान्याचा एकूण साठा त्या प्रमाणात घटलेला नव्हता. ते धान्य मिळवण्याची ताकद लोकांच्या हातून गेली होती. तुमच्या कॉलेजशेजारच्या कुटुंबांची गोष्ट दुष्काळाएवढी भीषण नाही, पण प्रकार तोच. दुकानात अन्न आहे. महिन्याच्या चौथ्या आठवड्यात ते घेण्यापुरते पैसे नाहीत.

आता दोन वेळापत्रकं शेजारी शेजारी ठेवून बघा. विद्यार्थ्यांचा उत्साह सत्राच्या सुरुवातीला उतू जातो, परीक्षेत आटतो आणि सुट्टीत गावाला जातो. भूक बरोबर उलट वागते. महिनाअखेरीस वाढते. शाळांना सुट्टी लागली की शाळेत मिळणारं जेवण बंद होतं आणि घरात रोजची एक-दोन ताटं जास्तीची लागतात. म्हणजे तुम्ही बॅगा भरून निघता नेमकी तेव्हाच गरज वाढते. ४० जणांच्या कुठल्याही योजनेला पहिली परीक्षा ही द्यावी लागते, आणि बहुतेक योजना इथेच नापास होतात.

म्हणून माझा सल्ला, आणि हा तुम्हाला कदाचित आवडणार नाही: स्वतःचं रविवारचं वाटप सुरू करू नका. निदान पहिल्या वर्षी तरी नको. तुमच्या भागात आधीपासून कोणीतरी हे काम करत असेल: एखादं स्वयंपाकघर, जास्तीचं अन्न साठवून गरजूंना देणारी फूड बँक, प्रार्थनास्थळाची पंगत, महिला गट, शाळेची जेवण योजना. त्यांच्या साखळीतली एखादी कडी नेहमी तुटते, ती शोधा. ती एकच कडी घ्या आणि वर्षभर, परीक्षा-सुट्टी धरून, तुटू देऊ नका.

कडी शोधायची कशी? 'आम्ही काय मदत करू?' असं विचारू नका. हा प्रश्न मला आठवड्याला दोनदा येतो आणि माझं उत्तर तोंडपाठ आहे: 'रविवारी या.' कारण विचार करायला मलाही वेळ नसतो. त्याऐवजी विचारा, 'गेल्या महिन्यात कुठलं काम अडलं?' मग खरी माहिती बाहेर येते. मला कोणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की संध्याकाळी सहा ते आठ या वेळात दुकानांतून माल उचलायला माणूस मिळत नाही. की कोठीत आलेल्या डब्यांच्या तारखा तपासायला तीन आठवडे कोणी बसलं नाही. की आवक-जावकची वही अर्धवट आहे आणि त्यामुळे देणगीदाराला हिशेब देता येत नाही. की सरकारी योजनेचे अर्ज भरून द्यायला बसणाऱ्या काकूंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय.

यातलं एकही काम फोटो काढण्याजोगं नाही, हे मला ठाऊक आहे.

अर्जांबद्दल जरा थांबून लिहिते, कारण विद्यार्थ्यांच्या हातात यापेक्षा मोठं काम मी पाहिलेलं नाही. चौघांचं कुटुंब दिवसाला तीनदा जेवतं असं धरा. आठवड्याला ८४ ताटं. तुमच्या रविवारच्या वाटपातून त्यांतली ४ भागतील. उरलेली ८० त्यांना कशीतरी उभी करायचीच आहेत. तेच कुटुंब एखाद्या धान्य योजनेला, शालेय जेवणाला किंवा निवृत्तिवेतनाला पात्र असेल आणि केवळ कागदामुळे अडकलं असेल, तर एका मार्गी लागलेल्या अर्जाने महिनोन्‌महिने फरक पडतो. अमेरिकेतल्या फूड बँकांचं सर्वांत मोठं जाळं, फीडिंग अमेरिका, स्वतःच हा हिशेब सांगतं की फूड बँकांकडून एक जेवण मिळतं तेव्हा सरकारी अन्नसाहाय्यातून नऊ मिळतात. फूड बँकवाल्यांनीच हे कबूल करावं, यात काय ते आलं.

आमच्याकडे एक आजोबा यायचे. त्यांचा अर्ज तीनदा परत आला होता. वाणिज्य शाखेची एक मुलगी त्यांच्याजवळ बसली, सगळे कागद टेबलावर ओळीने मांडले आणि एकेक नाव बोट ठेवून वाचत गेली. दोन कागदांवर आडनावात एक वेलांटी ऱ्हस्व होती आणि एकावर दीर्घ. तेवढंच. तीन वर्षं त्या वेलांटीने अडवलं होतं. दुरुस्तीचा अर्ज भरायला तिला वीस मिनिटं लागली. मग दोन महिने दर आठवड्याला एक फोन. हे काम ती परीक्षेच्या काळातही करू शकली, कारण त्याला रविवारची सकाळ लागत नव्हती. तुमची कडी निवडताना हाही एक निकष ठेवा: परीक्षेच्या दिवसांत, अर्ध्या तासाच्या फटीत होईल असं काम कुठलं?

मात्र एक सांभाळा. लोकांचे कागद हाताळताना त्यांच्या प्रती आपल्या फोनमध्ये ठेवायच्या नाहीत, ग्रुपवर टाकायच्या नाहीत, आणि 'काम नक्की होईल' असं कधी म्हणायचं नाही.

आता उरलेल्या अन्नाकडे येते, कारण तुमची योजना त्यावरच उभी आहे. भावना मला समजते. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं. पण त्याच अहवालात असंही आहे की त्यातलं सुमारे ६० टक्के घरांमधून गेलं. समारंभातली उरलेली पातेली डोळ्यांवर येतात, म्हणून सगळी नासाडी तिथेच होते असं वाटतं.

शिजवलेलं अन्न गोळा करून वाटणं हे या क्षेत्रातलं सर्वांत अवघड काम आहे, आणि नवशिके नेमकं तिथूनच सुरू करतात. जागतिक आरोग्य संघटनेचे नियम साधे आहेत: शिजवलेलं अन्न साध्या तापमानाला दोन तासांपेक्षा जास्त ठेवायचं नाही, गरम ठेवायचं तर ६० अंश सेल्सियसच्या वर, थंड ठेवायचं तर ५ अंशांच्या खाली. मधला पट्टा जंतूंचा. आता समारंभातलं अन्न बघा. पंगत बसण्याआधी तासभर ते झाकून ठेवलेलं, मग दोन तास वाढप, मग तुम्हाला फोन, मग तुम्ही भांडी घेऊन पोचणार, मग वाटप. दोन तासांची मुदत तुम्ही निघण्याआधीच संपलेली असते.

'मग पुन्हा उकळून देऊ' असं प्रत्येक वर्षी कोणीतरी म्हणतं. नीट गरम केल्याने बरेच जंतू मरतात हे खरं. पण भातासारख्या पदार्थांत बॅसिलस सेरियस नावाचा जंतू वाढला की तो एक विष सोडतो, आणि ते उकळूनही जात नाही. भात वासाला चांगला, चवीला चांगला, आणि खाल्ल्यावर काही तासांत उलट्या.

पहिल्या वर्षी मी हे शिकले ते थर्मामीटरमुळे. एका यजमानांनी मोठं पातेलं दिलं, 'आत्ताच उतरवलंय' म्हणाले. वरून वाफ येत होती. सोबतच्या मुलाने सळईचा थर्मामीटर मधोमध खुपसला: ४३. वरचा थर कोणीतरी नुकताच गरम केलेला असावा. त्यांच्यादेखत पातेलं परत करायला फार जड गेलं, ते रागावले, पुन्हा कधी बोलावलं नाही. तरी परत केलं. ज्यांच्याकडे डॉक्टरला द्यायला पैसे नाहीत आणि आजारपणाची एक दिवसाची सुट्टीही ज्यांना परवडत नाही, त्यांना आपण 'बहुतेक ठीक असेल' असं अन्न देऊ शकत नाही.

तुमच्या कँटीनचा प्रश्न यापेक्षा सोपा असू शकतो. तिथे रोज काय उरतं, किती वाजता उरतं, शीतकपाट आहे का, हे आधी दोन आठवडे नुसतं लिहून काढा. रोज ठरलेल्या वेळी, ठरावीक प्रमाणात आणि वाढपात न आलेलं अन्न उरत असेल, आणि जवळच्या स्वयंपाकघरात ते अर्ध्या तासात पोचत असेल, तर करण्याजोगं आहे. ताटातलं किंवा वाढपाच्या टेबलावरचं नको. कायदा काय म्हणतो हे ठिकाणावर अवलंबून आहे. अमेरिकेत १९९६ पासून सद्‌हेतूने अन्न देणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे. फ्रान्समध्ये २०१६ च्या कायद्याने ४०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या सुपरमार्केटांना न विकलेल्या अन्नासाठी संस्थांशी करार करायला लावलं. भारतात २०१९ मध्ये अतिरिक्त अन्नाच्या वाटपासाठी स्वतंत्र नियम झाले. तुम्हाला लागू असलेले नियम काढून वाचाच, आणि जबाबदारी कोणाची हे कागदावर लिहून घ्या, तोंडी नको.

सुरुवातीला कोरडा शिधा बरा. तो टिकतो, मोजता येतो, घरी नेऊन आपल्या वेळेला, आपल्या चवीने शिजवता येतो. फूड बँक या कल्पनेच्या मुळाशीही साठवण आहे. १९६७ मध्ये अमेरिकेतल्या फिनिक्स शहरात जॉन व्हॅन हेंगल यांनी पहिली फूड बँक सुरू केली. दुकानांच्या कचऱ्यातून मुलांसाठी अन्न वेचणाऱ्या एका आईने त्यांना सुचवलं होतं म्हणतात, की पैशांची बँक असते तशी अन्नाची का नसावी. जास्तीचं असेल त्याने ठेवावं, गरज असेल त्याने काढावं. कल्पना त्या बाईची. नाव मात्र इतिहासात हेंगल यांचं राहिलं.

कोठीचं काम घेतलंत तर एवढं लक्षात ठेवा. 'अमुक तारखेपूर्वी वापरा' आणि 'अमुक तारखेपर्यंत उत्तम' यांत फरक आहे. पहिलं सुरक्षिततेबद्दल असतं, दुसरं चव आणि दर्जाबद्दल. पहिली तारीख उलटलेलं सरळ फेकायचं, दुसरीच्या बाबतीत पाकीट नीट असेल तर विचार करता येतो. फुगलेला किंवा शिवणीवर चेपलेला डबा तारीख कितीही पुढची असली तरी बाद. आणि लोक आपल्या घरातून काय काढून देतात, ते एकदा बघा. एका संकलनात आम्हाला केकवर घालायच्या सजावटीच्या ११ बाटल्या आणि डाळीची ३ पाकिटं आली होती. तेव्हापासून आम्ही 'अन्न द्या' असं म्हणत नाही, चारच वस्तूंची यादी देतो आणि दर महिन्याला ती बदलतो.

तुमचा 'किती अन्न लागेल' हा प्रश्न उरतोच. खरं उत्तर असं की अन्नाआधी कुटुंबं मोजा, आणि मोजताना जपून. महिनाअखेरीस वांधे होतात हे तुम्हाला कोणी सांगितलं? त्यांनी, की तुमचा अंदाज? संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेची आठ प्रश्नांची एक मोजपट्टी आहे. ती पैशांअभावी अन्न पुरणार नाही अशी काळजी वाटली का, इथून सुरू होते. मग पोषक अन्न टाळावं लागलं का, मोजकेच पदार्थ खावे लागले का, एक वेळचं जेवण सोडलं का, असं करत करत शेवटी दिवसभर उपाशी राहावं लागलं का, इथे संपते. या पायऱ्या समजून घेतल्या की नजर बदलते. २०२४ साली जगात सुमारे ६७ कोटी लोक उपाशी होते असा संयुक्त राष्ट्रांचा अंदाज आहे, पण मध्यम किंवा तीव्र अन्न-असुरक्षितता असलेले सुमारे २३० कोटी. मधली ही सगळी माणसं बाहेरून तुमच्या-माझ्यासारखीच दिसतात. कपडे धुतलेले, मुलं शाळेत, आणि आई संध्याकाळी 'मला भूक नाही' म्हणते.

पण हे आठ प्रश्न घेऊन दारोदार जाऊ नका. ज्याला तुम्ही आत्ता काही देऊ शकत नाही, त्याला 'तुम्ही दिवसभर उपाशी राहिलात का' हे विचारणं वाईट. शिक्षिका, दवाखान्यातल्या परिचारिका, किराणा दुकानदार यांना विचारा. उधारीची वही कुठल्या आठवड्यात जाड होते हे दुकानदार न बघता सांगतो. १५ कुटुंबांनी सुरुवात करा. नियोजनासाठी एक आकडा हाताशी ठेवा: आपत्कालीन मदतीत माणशी दिवसाला सुमारे २१०० किलोकॅलरी धरतात. त्यावरून तुमच्या पिशवीतला शिधा किती दिवस पुरेल हे कळतं, आणि 'महिन्याचा शिधा' असं लिहिलेली पिशवी प्रत्यक्षात नऊ दिवसांची निघते हेही कळतं. आमची निघाली होती.

आतापर्यंतचं एका दमात: स्वतःचं नवं वाटप नको, तुटलेली कडी शोधा, शिजवलेल्या उरल्यासुरल्यापेक्षा कोठी, माल उचलणं आणि अर्ज, थोडी कुटुंबं, पण खंड नाही.

खंड पडू न देण्याचं गणित असं. ४० जण आहेत तर हिशेब २० चाच धरा. प्रत्येकाने पंधरवड्यातून एक पाळी, दोन तासांची. म्हणजे आठवड्याला १० पाळ्या, २० तास. संस्थेला शब्द द्यायचा तो एवढाच. बाकीचे २० आले तर उत्तमच, पण ते बदली म्हणून. काम नेहमी दोघांनी मिळून करायचं, एक जुना आणि एक नवा, म्हणजे या १० पाळ्यांतून आठवड्याला प्रत्यक्षात पाच वेळा काम होईल. गट बांधताना एकाच वर्गातले सगळे घेऊ नका. वेगवेगळ्या शाखांच्या परीक्षा वेगवेगळ्या दिवशी असतात, याचा फायदा घ्या. सुट्टीसाठी त्याच भागात राहणारी पाच-सहा मुलं आणि दोन-तीन निवृत्त मंडळी लागतात. आमच्याकडे परीक्षेचे तीन आठवडे निवृत्त शिक्षकांचा एक गट सांभाळतो आणि त्यांच्या सहलीच्या आठवड्यात मुलं दुप्पट पाळ्या घेतात. हे कोणी योजलं नव्हतं, भांडणातून निघालं.

आणि तुमच्या ४० जणांतच पाच-सहा जण असे असतील जे स्वतः जेवण चुकवतात. हे मी अंदाजाने म्हणत नाही, दरवर्षी बघते. वाढपाच्या पाळीला सगळ्यांत आधी नाव देणारा, आणि पाळी संपल्यावर सगळ्यांत शेवटी निघणारा मुलगा. मला कळायला दोन वर्षं लागली की तो उरलेलं खाऊन जायला थांबायचा. आता आमचा नियम आहे: पाळी संपली की सगळे एकत्र बसून जेवतात, मीसुद्धा. कोणाला गरज आहे, कोणाला नाही, हे ताटावरून कळत नाही. विद्यार्थ्यांमधली भूक काही नवी नाही. मिशिगन स्टेट विद्यापीठात विद्यार्थ्यांनीच विद्यार्थ्यांसाठी १९९३ मध्ये फूड बँक काढली. २०१० मध्ये लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या मुलांनी आपल्या मेसच्या न वापरलेल्या जेवणांचं मोल गरजू मुलांकडे वळवायची चळवळ सुरू केली. तुमच्या आसपास खरोखरच कुठलीही संस्था नसेल, तर तुमचं पहिलं काम कॉलेजच्या आतच करा. तिथली माणसं, वेळा, सुट्ट्या तुम्हाला माहीत आहेत, आणि सुट्टीत तुम्ही जाता तेव्हा त्यांतले बरेच जणही जातात.

रांगेबद्दल फार लिहीत नाही. फोटो नकोत, मुलांच्या चेहऱ्यांचे तर मुळीच नकोत. शक्य तिथे पिशवी भरून हातात देण्याऐवजी मांडून ठेवा आणि निवडू द्या. आम्ही तसं केल्यावर कोठीत एक वस्तू ढिगाने उरायला लागली. इतकी वर्षं लोक ती नाइलाजाने नेत होते आणि आम्ही ती प्रत्येक पिशवीत कोंबत होतो. 'लाभार्थी' हा शब्दही तोंडात बसू देऊ नका, समोरच्याला नाव असतं.

शेवटचा प्रश्न, प्रमाणपत्राचा. द्या, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. नोकरीच्या अर्जाला ते लागतं, आणि फुकट वेळ देणं सगळ्यांना सारखं परवडत नाही. पण तास मोजून देऊ नका. तास मोजले की मुलं तास भरतात. पहिल्या महिन्यात ३० तास उरकून गायब झालेली मुलं मी पाहिली आहेत. आमच्याकडे प्रमाणपत्र मिळतं ते वही सोपवल्यावर. प्रत्येक कामाची एक वही असते. माल उचलण्याच्या वहीत कुठल्या दुकानाचं मागचं दार कुठे आहे, कोणाशी बोलायचं, किती वाजता गेलं की ओरडा बसत नाही, गाडीची किल्ली कोणाकडे, हे सगळं लिहिलेलं असतं. जाणाऱ्याने ती पूर्ण करायची, पुढच्याला सोबत घेऊन दोन पाळ्या करायच्या, आणि तिसऱ्या पाळीला स्वतः घरी थांबायचं. नव्या मुलाचा त्या संध्याकाळी एकही फोन आला नाही, की दुसऱ्या दिवशी मी सही करते.